‘वेबहूक’ची थाप आणि पोचपावती

नोव्हेंबर २०१२ मधील गोष्ट. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर रोजी निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार थंडावले. पालघरमधील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. आजच्या बोलीत सांगायचे तर ‘लाईक’ केले. १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. देशभर गदारोळ उठला, दिल्लीतील श्रेया सिंघल हिने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पालघरचे नाव अशा रीतीने भारतीय कायद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तांत्रिक बाजूकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. माणसाच्या दृष्टीने ‘लाईक’ म्हणजे बोटाची एक हालचाल. समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकासाठी ती एक नोंद असते. कोणी, कोणत्या मजकुरावर, किती वाजता काय केले, हे सारे त्या नोंदीत येते. अशा नोंदींपैकी काही कंपनीच्या कुंपणाबाहेर, इतरांनी लिहिलेल्या आज्ञावलींपर्यंत पोहोचतात. बँकेचे चौकशी केंद्र, वस्त्रदालन, वृत्तपत्र, नगरपालिका किंवा शासनाचे एखादे खाते अशा कोणाचीही ती आज्ञावली असू शकते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. आपण एखाद्या क्रमांकावर ‘नमस्कार’ लिहितो आणि क्षणार्धात सेवांची यादी समोर येते, तेव्हा पलीकडे माणूस नसतो, आज्ञावली असते.

ही देवाणघेवाण ज्या दोन दारांतून होते त्यांची नावे ‘एपीआय’ आणि ‘वेबहूक’. ही दारे बांधणारे डेव्हलपर आपल्या आसपासच असतात. पालघर-बोईसरहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्यांतही त्यांची संख्या कमी नाही. त्यांचे काम नेमके काय आणि त्यात काय चुकू शकते, हे सामान्य नागरिकानेही समजून घेणे आता आवश्यक झाले आहे. कारण चुकीची किंमत संगणकाला मोजावी लागत नाही, ती माणसाला मोजावी लागते.

खिडकी आणि अर्ज

एपीआय म्हणजे तहसील कार्यालयातील खिडकी, असे समजावे. खिडकीपलीकडे कपाटे किती, कारकून किती, फायली कशा लावल्या आहेत, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ओळख पटवायची आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. फेसबुकने आपली ‘ग्राफ एपीआय’ ही खिडकी २०१० मध्ये उघडली. टेलिग्रामने जून २०१५ मध्ये ‘बॉट एपीआय’ आणली. व्हॉट्सअॅपने व्यवसायांसाठी ऑगस्ट २०१८ मध्ये दार किलकिले केले आणि मे २०२२ मध्ये ‘क्लाउड एपीआय’च्या रूपाने ते लहान डेव्हलपरसाठीही खुले झाले.

या खिडकीवर ओळखपत्र म्हणून ‘टोकन’ दाखवावे लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या गेटपासशी त्याची तुलना करता येईल. पासवर मुदत असते आणि कोणत्या विभागात जाण्याची मुभा आहे, हेही लिहिलेले असते. टोकनचेही तसेच असते. मुदत संपली की दार बंद. संदेश वाचण्याची परवानगी असली म्हणून जाहिराती देता येत नाहीत. शिवाय तासाला किंवा दिवसाला किती वेळा खिडकीवर यायचे, याचेही रेशन ठरलेले असते. ते ओलांडले तर काही काळ हात हलवीत परत जावे लागते. टोकन म्हणजे घराची किल्लीच. ते आज्ञावलीच्या मजकुरातच लिहून ठेवणे आणि ती आज्ञावली महाजालावर सर्वांसाठी ठेवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. किल्ली दाराला अडकवून गावाला जाण्यासारखेच हे आहे!

विचारत राहायचे, की थाप ऐकायची?

खिडकीत एक मोठी उणीव आहे. आपण विचारल्याशिवाय ती बोलत नाही. ‘नवा संदेश आला का?’ असे दर मिनिटाला विचारायचे ठरविले, तर दिवसात १४४० फेऱ्या होतात. समजा, दिवसभरात बाराच संदेश आले. मग किमान १४२८ फेऱ्या वाया गेल्या. बरे, इतके करूनही एखादा तातडीचा संदेश जवळजवळ मिनिटभर पडून राहू शकतो. दर पाच सेकंदांनी विचारले तर उशीर घटेल, पण फेऱ्या १७,२८० होतील आणि रेशन दुपारपूर्वीच संपेल. फलाटावरील प्रवाशाने चौकशीच्या खिडकीशी सतत जाऊन ‘डहाणू लोकल आली का हो?’ असे विचारत राहावे, तसला हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे उलटी व्यवस्था. ‘माझा पत्ता लिहून घ्या, काही घडले की तुम्हीच माझे दार ठोठवा.’ हाच वेबहूक. जेफ लिंडसे या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००७ मध्ये या कल्पनेला हे नाव दिले. डेव्हलपर आपल्या सर्व्हरचा एक पत्ता कंपनीकडे नोंदवितो आणि कोणत्या घटनांची खबर हवी, तेही सांगतो. घटना घडली की कंपनीचा संगणक त्या पत्त्यावर मजकूर टाकतो. पलीकडून ‘२००’ हा आकडा उत्तरादाखल गेला की ती पोचपावती. पूर्वीच्या रजिस्टर टपालाची पद्धत ज्यांना आठवते, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आणि थाप केवळ संदेशाचीच नसते. एखाद्या संस्थेच्या फेसबुक पानावर कोणी पसंती दर्शविली, तर त्याची खबर ‘जोडली’ या क्रियापदासह येते. ती पसंती मागे घेतली, तर ‘काढली’ अशीही खबर येते. वैयक्तिक खात्यांवरील मजकूर या मार्गाने कोणाही परक्याला मिळत नाही, हे येथे लगेच स्पष्ट केले पाहिजे. मात्र संस्थेच्या पानाबाबत सावध डेव्हलपरचे कर्तव्य दुहेरी असते. ‘जोडली’ची नोंद जशी घ्यायची, तशीच ‘काढली’चीही घ्यायची. अनेक आज्ञावली पहिली गोष्ट तत्परतेने करतात आणि दुसरी विसरतात. माणसाने मागे घेतलेले मत मग कोणाच्या तरी कोठारात वर्षानुवर्षे जिवंत राहते.

बोईसरची एक रात्र

आता एक काल्पनिक, पण येथील रहिवाशांना अजिबात अपरिचित न वाटणारा प्रसंग घेऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. ११ जानेवारी २०२० रोजी येथील एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांनी प्राण गमावले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला. अशा परिसरात रात्री दोन वाजता नाकाला झोंबणारा वास आला, की सरावली किंवा पास्थळमधील माणूस आधी खिडक्या लावतो आणि मग मोबाइल हाती घेतो.

समजा, एखाद्या नागरी संस्थेने तक्रारींसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केला आहे. एका गृहिणीने लिहिले, ‘खूप उग्र वास येतोय, डोळे चुरचुरतात.’ सोबत धुराचे छायाचित्र. हा संदेश व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरवर जातो आणि तेथून संस्थेच्या पत्त्यावर थाप पडते. त्या लखोट्यात काय असते? पाठविणाऱ्याचा मोबाइल क्रमांक, तिने व्हॉट्सअॅपवर ठेवलेले नाव, वेळ, संदेशाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक आणि मजकूर. छायाचित्र त्यात नसतेच! असते ती केवळ छायाचित्राची पावती. ती दाखवून एपीआयच्या खिडकीवरून तात्पुरता पत्ता मिळवायचा आणि पाच मिनिटांच्या आत चित्र उतरवून घ्यायचे. उशीर झाला तर पुन्हा नवा पत्ता मागावा लागतो. वास नेमका कोठे आला, हेही लखोट्यात नसते. तक्रारदाराने स्वतःहून आपले स्थान पाठविले, तरच ते कळते. म्हणून चांगली आज्ञावली लगेच विचारते, ‘आपण कोणत्या भागातून लिहीत आहात?’ यंत्राला काय कळत नाही, हे ओळखून माणसाला नेमका प्रश्न विचारणे, यातच निम्मे कौशल्य आहे.

मोहोर खरी की खोटी?

वेबहूकचा पत्ता हा महाजालावरील उघडा पत्ता असतो. तो कोणाला कळला तर कोणीही त्या दारावर थाप मारू शकतो. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने एका कारखान्याविरुद्ध रातोरात तीनशे बनावट तक्रारी त्या दारातून आत ढकलल्या तर? किंवा खऱ्या तक्रारी बुडाव्यात म्हणून कचऱ्याचा ढीग ओतला तर? तक्रार-नोंदीवर विसंबून उद्या कोणी कारवाई करणार असेल, तर ती नोंद अस्सल आहे, हे सिद्ध करता आले पाहिजे.

यासाठी दोन कुलपे असतात. पहिले कुलूप पत्ता नोंदविताना. मेटाचा संगणक त्या पत्त्यावर एक परवलीचा शब्द आणि एक आकडा पाठवितो. परवलीचा शब्द आपण ठरविलेलाच असेल, तर तो आकडा जशाच्या तसा परत करायचा. पत्ता खरोखर आपल्याच ताब्यात आहे, याचा हा पुरावा.

दुसरे कुलूप प्रत्येक थापेच्या वेळी. कंपनी आणि डेव्हलपर या दोघांनाच ठाऊक असलेली एक गुप्त किल्ली असते. ती आणि संदेशाचा संपूर्ण मजकूर यांवरून गणिताने ६४ अक्षरांची एक खूण तयार होते आणि ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ या नावाने संदेशासोबत येते. आपणही तीच कृती करायची आणि खूण जुळते का, ते पाहायचे. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार बदलते. जुन्या लखोट्यावरील लाखेच्या मोहोरेचे हे आधुनिक रूप होय. फरक इतकाच, की लाखेची मोहोर लखोट्यापुरतीच ग्वाही देई. ही मोहोर आतील प्रत्येक अक्षराची हमी देते.

येथे मराठी डेव्हलपरला एक खास ठेच लागते. ही खूण तयार करताना मेटा इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांतील अक्षरे त्यांच्या युनिकोड आकड्यांच्या रूपात लिहिते. जसे ‘व’साठी ०९३५. डेव्हलपरने आलेला मजकूर आधी उलगडून देवनागरीत आणला आणि मग खूण काढली, तर ती जुळत नाही. गंमत अशी, की चाचणी घेताना बहुतेक जण इंग्रजीत ‘हॅलो’ लिहून पाहतात. ती चाचणी उत्तम रीतीने पार पडते. मग सेवा सुरू होते, पहिला मराठी संदेश येतो आणि आज्ञावली त्याला बनावट ठरवून केराची टोपली दाखविते! उपाय साधा आहे. मजकूर जसा आला तशाच्या तशा अवस्थेत आधी खूण तपासायची आणि मगच तो उलगडायचा. चाचणीही मराठीतच घ्यायची. अडचण सोडविण्याच्या घाईत काही जण ही तपासणीच काढून टाकतात. तसे करणे म्हणजे चोर येतो म्हणून दार उघडे टाकणे.

बारनिशी हवीच

डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेने हैराण केले. जमीन हलली की शेकडो माणसे एकाच मिनिटात लिहू लागतात. अशा वेळी सर्व्हरने प्रत्येक संदेश वाचून, छायाचित्र उतरवून, उत्तर लिहून मगच पोचपावती द्यायची ठरविली, तर दारात रांग लागते. पलीकडचा संगणक फार वेळ थांबत नाही. पावती मिळाली नाही, म्हणजे संदेश पोहोचला नाही, असे समजून तो पुन्हा थाप मारतो. रांग आणखी वाढते आणि अखेर सर्व्हर मान टाकतो. म्हणून नियम असा : मोहोर तपासा, संदेश रांगेत जमा करा, तत्काळ पावती द्या आणि काम मागाहून सावकाश करा. शासकीय कार्यालयातील आवक कारकून अर्ज घेतो, शिक्का मारून पोच देतो आणि अर्ज संबंधित टेबलाकडे पाठवितो. तो अर्जाचा निकाल दारातच लावीत नाही!

पुन्हा पुन्हा थाप पडण्याचा आणखी एक परिणाम होतो. एकच संदेश दोनदा किंवा तीनदाही येऊ शकतो. आज्ञावलीने प्रत्येक वेळी नवी तक्रार नोंदविली, तर दहाच्या पंचवीस तक्रारी होतील आणि मग कोणीतरी म्हणेल, ‘हे आकडे फुगविलेले आहेत.’ खऱ्या त्रासाचीही विश्वासार्हता तेथेच संपते. उपाय बारनिशीचा, म्हणजे आवक नोंदवहीचा. प्रत्येक संदेशाला कंपनीने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतोच. तो आधी नोंदवहीत आहे का ते पाहायचे. असेल तर पावती द्यायची, पण नवी नोंद करायची नाही.

सर्व्हर बंद पडला तर काय होते, याचे नियम प्रत्येक माध्यमाचे निराळे. व्हॉट्सअॅप अधिकाधिक अंतराने सात दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न करीत राहते. टेलिग्राम २४ तासांपेक्षा अधिक काळ निरोप जपून ठेवीत नाही. यातून एक सूक्ष्म धोका उद्भवतो. सोमवारी रात्रीचा ‘आत्ता वास येतोय’ हा संदेश बुधवारी सकाळी पोहोचू शकतो. आज्ञावलीने पोहोचण्याची वेळ धरली तर बुधवारी, सारे शांत असताना, खोटी घबराट उडेल. संदेशातील ‘आत्ता’चा अर्थ पाठविण्याच्या वेळेवरूनच लावायचा असतो. संदेश आले त्याच क्रमाने लिहिले गेले होते, असेही गृहीत धरता येत नाही.

उत्तर देण्यालाही बंधने आहेत. नागरिकाने शेवटचा संदेश पाठविल्यापासून २४ तास संस्था त्याला मोकळेपणाने लिहू शकते. त्यानंतर मात्र आधी मंजूर करून घेतलेल्या नमुन्यातीलच संदेश पाठविता येतो. १ जुलै २०२५ पासून अशा नमुना-संदेशांचे शुल्क दर संदेशामागे आकारले जाऊ लागले. ‘तुमच्या तक्रारीचे पुढे काय झाले’ हे चार दिवसांनी कळवायचे असेल, तर त्याची तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवावी लागते. अनेक तक्रार-सेवा नेमक्या येथे अपुऱ्या पडतात. तक्रार घेतली जाते, परंतु उत्तर कधीच येत नाही.

दारातून जे दिसत नाही

मग अफवांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि पालघर जिल्ह्यात तो टाळता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर व मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून फिरत होत्या. अशा अफवा एपीआय वापरून वेळीच पकडता येणार नाहीत का?

उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. वेबहूकच्या दारावर केवळ आपल्या क्रमांकावर पाठविलेलेच संदेश येतात. लोकांच्या आपसांतील गप्पा आणि गावाच्या समूहातील मजकूर एप्रिल २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो. तो पाहण्याची खिडकीच अस्तित्वात नाही आणि ती नसणेच योग्य. ज्या शहरात एका ‘लाईक’मुळे अटक झाली, तेथील रहिवाशांना तरी हे पटवून द्यायला नको. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे ढकललेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. डेव्हलपरच्या हाती यापेक्षा वेगळी, नम्र भूमिका उरते. ‘हे खरे आहे का?’ असे विचारण्याची एक विश्वसनीय जागा तो उभारू शकतो. पाळत ठेवण्यापेक्षा शंका विचारायला दार असणे अधिक उपयोगी.

भाड्याचे घर

समाजमाध्यमाच्या एपीआयवर उभारलेली सेवा म्हणजे भाड्याच्या जागेतील दुकान. मालक कधी नियम बदलील याचा नेम नाही. फेसबुकच्या पहिल्या ग्राफ एपीआयमध्ये एखाद्याने परवानगी दिली, की त्याच्या मित्रांचीही माहिती आज्ञावलीला मिळत असे. ती आवृत्ती ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाली. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा जगभरातील ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच मान्य केली. भारतापुरते बोलायचे तर प्रश्नमंजूषेची ती आज्ञावली येथे घेतली होती केवळ ३३५ जणांनी, परंतु झळ पोहोचू शकेल अशांचा आकडा होता ५ लाख ६२ हजार ४५५! खिडकी किती रुंद ठेवावी, याचा याहून बोलका धडा सापडणार नाही.

ट्विटरने, म्हणजे आताच्या ‘एक्स’ने, २०२३ मध्ये एपीआयचा पूर्वीसारखा मोफत वापर बंद केला. अभ्यासक व पत्रकार अफवांचा माग काढण्यासाठी वापरीत असलेले मेटाचे ‘क्राउडटँगल’ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री तर फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम तिन्ही सुमारे सहा तास ठप्प होते. म्हणून ज्या निरोपावर जीव अवलंबून आहे, तो या एकाच दारातून पाठविणे शहाणपणाचे नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून ज्या किनारपट्टीवर उभे आहे, तेथे आपत्तीचा इशारा भोंगा, ध्वनिक्षेपक आणि शासनाची स्वतंत्र मोबाइल इशारा-यंत्रणा यांतूनच आला पाहिजे. समाजमाध्यम ही त्याला जोड, पर्याय नव्हे. त्याचप्रमाणे नागरिकांच्या नाकाची साक्ष ही मापनयंत्रांना जोड आहे. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना आपली मोजमापे आपोआप मंडळाच्या संगणकाकडे धाडणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. धुराड्याची नोंद आणि गृहिणीची नोंद एकाच वेळेच्या रकान्यात शेजारीशेजारी ठेवता आल्या, तर दोन्हींची ताकद वाढते.

तक्रारदाराचे नाव

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तक्रार करणारा अनेकदा त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगार असतो. त्याचा मोबाइल क्रमांक लखोट्यात आपोआप येतो. तो त्याने वेगळा लिहून दिलेला नसतो. तो क्रमांक तक्रारीच्या यादीसोबत कारखान्याच्या कचेरीत पोहोचला, तर दुसऱ्या दिवशी त्याला पाळीवर घेतले जाईल का? व्यवसायाच्या क्रमांकाला पाठविलेला संदेश क्लाउड एपीआयमध्ये मेटाच्या संगणकावर उलगडून संस्थेकडे दिला जातो आणि त्यानंतर तो संस्थेच्या कोठारात, डेव्हलपरच्या नोंदीत, कधी चुकून चाचणीच्या फायलीतही उरतो, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु दंडाची वाट पाहण्याचे कारण नाही. क्रमांक आणि तक्रार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची. यादी बाहेर देताना केवळ परिसर आणि वेळ द्यायची. उत्तर देऊन झाल्यावर क्रमांक पुसून टाकायचा. आणि हे सारे तक्रारदाराला पहिल्याच उत्तरात, त्याच्या भाषेत सांगायचे. यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. आज्ञावलीच्या काही ओळी आणि थोडा विवेक पुरतो.

२०१२ मध्ये पालघरच्या त्या दोघी तरुणींची नावे एका दिवसात देशभर पोहोचली. त्यांनी ती कोणाला दिली नव्हती. त्यांचा मजकूर आणि त्यांची ओळख एकमेकांना चिकटलेली होती, एवढेच. आज तशाच नोंदी रोज लक्षावधींच्या संख्येने सर्व्हरच्या दारांवर थापा मारीत आहेत. त्या प्रत्येक थापेमागे रात्री दोन वाजता जागे झालेले एक माणूस असू शकते. मोहोर तपासणे, पोचपावती देणे, बारनिशीत एकदाच नोंद करणे आणि आलेल्याचे नाव जपणे, ही चार कामे चोख झाली, तर त्या माणसाला पुन्हा निर्धास्तपणे दार ठोठावता येईल.